पडझडीवरून वाऱ्याचा वेग कसा ओळखावा

प्रत्येक मोठ्या वादळानंतर गिरगावातील वाड्यांतून, परळ-लालबागच्या चाळींच्या गॅलऱ्यांतून आणि दादरच्या नाक्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो : वारा होता तरी किती? उत्तरेही तयारच असतात. कोणी म्हणतो, ताशी दोनशे किलोमीटर. कोणी म्हणतो, असे वादळ गेल्या पन्नास वर्षांत झाले नाही. आणि पुराव्यादाखल कोपऱ्यावर उन्मळून पडलेल्या गुलमोहोराकडे किंवा शेजारच्या इमारतीवरून उडत आलेल्या पत्र्याकडे बोट दाखवितो. ह्या पुराव्याची किंमत किती, पडलेल्या वस्तूवरून पाडणाऱ्या वाऱ्याचे अनुमान करता येते काय, आणि येत असल्यास ते कोणत्या रीतीने करावे, ह्याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय प्रथमदर्शनी केवळ कुतूहलाचा वाटेल. परंतु त्यात माणसांच्या जिवाचा व जबाबदारीचा प्रश्न कसा गुंतलेला आहे, ते पुढे दिसून येईल.

वाऱ्याचा वेग मोजण्याची यंत्रे असता अनुमानाचा खटाटोप कशाला, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. आडव्या दांड्यांच्या टोकांना अर्धगोल वाट्या बसवून त्या वाऱ्याने फिरू द्यावयाच्या आणि त्यांचे फेरे मोजावयाचे, ही युक्ती आयर्लंडमधील आर्मा येथील धर्मोपदेशक व ज्योतिषी टॉमस रॉम्नी रॉबिन्सन ह्यांनी 1846 साली सिद्ध केली. आपल्या मुंबईत कुलाब्याची वेधशाळा तर त्याच्याही वीस वर्षे आधी, 1826 साली, स्थापन झालेली होती. परंतु यंत्र जेथे बसविलेले असते तेथलाच वारा ते सांगते. कुलाब्याच्या उघड्या भूशिरावरील वारा आणि लालबागेत दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून मुसंडी मारणारा वारा हे एक नव्हेत. दुसरे असे की, वादळ फार प्रखर असल्यास ते पुष्कळदा यंत्रासच मोडून टाकते. अशा वेळी मागे उरतात ती केवळ घरे, झाडे, खांब आणि छपरे. ती बोलत नाहीत, पण साक्ष देतात. ती साक्ष तपासून घेण्याची कला मात्र शिकावी लागते.

ह्या कलेचा आरंभ समुद्रावर झाला. इंग्रजी आरमारातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट ह्यांनी 1806 सालाच्या सुमारास वाऱ्याच्या शून्यापासून बारापर्यंत पायऱ्या ठरविल्या. त्यांच्याजवळ मोजण्याचे यंत्र नव्हते. त्या वाऱ्यात जहाजावर किती शिडे ठेवता येतील, ह्यावरून ते पायरी ठरवीत. पुढे शंभर वर्षांनी, 1906 साली, जॉर्ज सिम्प्सन ह्यांनी ह्याच पायऱ्यांना जमिनीवरील खुणा जोडून दिल्या. हे सिम्प्सन त्यानंतर सिमल्यास हिंदुस्थानच्या हवामानखात्यात नोकरीस होते, हे आमच्या वाचकांस ऐकून मौज वाटेल. त्यांच्या कोष्टकाप्रमाणे धूर सरळ वर जातो तेव्हा वारा शून्य समजावयाचा. पाने सळसळू लागली की दुसरी पायरी. छत्री आवरणे कठीण झाले की सहावी. आठव्या पायरीस, म्हणजे ताशी 62 ते 74 किलोमीटर वेगास, झाडांच्या डहाळ्या मोडतात व वाऱ्याच्या तोंडावर चालणे जड जाते. नवव्या पायरीस, 75 ते 88 किलोमीटरांना, घरांची किरकोळ मोडतोड सुरू होते. दहाव्या पायरीस, 89 ते 102 किलोमीटरांना, झाडे मुळासकट उपटली जातात व इमारतींचे बरेच नुकसान होते. बारावी पायरी ताशी 118 किलोमीटरांपासून पुढे धरतात.

कोष्टक उत्तमच आहे. पण ते विलायतेत तयार झालेले असून त्यातील घरे विलायतेतील आहेत, हे विसरून चालत नाही. तेथे नवव्या पायरीची खूण म्हणून धुराड्यांवरील मातीची नळकांडी व छपरावरील पाटीच्या दगडाच्या चिपा पडणे सांगितले आहे. गिरगावात ती नळकांडी शोधावयाची कोठे? आमच्याकडे छपरे दोन जातींची : जुन्या चाळींवर मंगळुरी कौले, आणि वाढविलेल्या खोल्यांवर, गोदामांवर, पडव्यांवर पत्रे. ही दोन छपरे वाऱ्याशी अगदी निरनिराळ्या तऱ्हेने वागतात. आणि त्यांतील फरक एकदा नीट समजला की ह्या विद्येचा निम्मा भाग हाती आला, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणून आम्ही येथे जरा थांबतो.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढत नसून वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. आपल्या इंजिनियरांचा हिशेब असा आहे : वेग दर सेकंदास किती मीटर हे घ्यावे, त्याचा वर्ग करावा व त्यास 0.6 ने गुणावे; येणारा आकडा हा दर चौरस मीटरवरील दाब न्यूटन ह्या मापात होय. न्यूटनांना 9.8 ने भागले की ते आपल्या नेहमीच्या किलोत येतात. विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. ताशी 72 किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे साडेचोवीस किलो भरेल, आणि ताशी 144 किलोमीटर वाऱ्याचा सुमारे 98 किलो. वेग दुणावला; ओझे चौपट झाले.

आता छपराकडे वळू. वारा छपरास केवळ ढकलतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो छपरास पुष्कळदा वर ओढतो. छपरावरून वेगाने वाहताना, विशेषतः वळचणीच्या कडेला, आढ्याजवळ व कोपऱ्यांवर, तो वरच्या बाजूस चोषण उत्पन्न करतो. आणि त्याच वेळी उघड्या खिडकीतून किंवा गॅलरीच्या बाजूने घरात शिरलेला वारा छपरास आतून वर लोटतो. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, असा दुहेरी प्रयोग चालतो. अशा स्थितीत छप्पर जागेवर राहते ते एक तर स्वतःच्या वजनाने, नाही तर त्यास खाली धरून ठेवणाऱ्या खिळ्या-बोल्टांनी.

मंगळुरी कौलांचे छपर रिपांसह चौरस मीटरला साठ-पासष्ट किलो भरते. ही कौले बनविण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळूर येथे काढला, आणि तेथून ती पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. लोखंडी नालीदार पत्रा मात्र चौरस मीटरला अवघा पाच-सहा किलो असतो. म्हणजे कौलांच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने. ताशी 108 किलोमीटर वारा सुटला, तर वरील हिशेबाने दाब चौरस मीटरला 55 किलो होतो. तीन चौरस मीटरांच्या एका पत्र्याला हा वारा पूर्ण जोराने वर ओढू लागला, तर 165 किलोंचा जोर लागेल. आणि पत्र्याचे स्वतःचे वजन अठरा किलो! उरलेला सगळा भार आकड्यांच्या बोल्टांवर. ते बोल्ट गंजले असतील, किंवा पत्र्याचे भोक रुंदावून वॉशर सैल झाले असेल, तर पत्रा जावयाचाच. कित्येक ठिकाणी पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवून समाधान मानतात. त्या वजनाची बेरीज करून वरील आकड्याशी ताडून पाहावी, म्हणजे ते समाधान कितपत टिकणारे आहे ते कळेल. शिवाय वर ठेवलेला दगड वादळात खाली येतो, तो निराळाच.

कौले सहसा एकदम उडत नाहीत. ती वळचणीकडून एकेक सुटतात, आणि सुटलेल्या कौलाच्या जागेतून वाऱ्याला वाट मिळून दाब काहीसा मोकळा होतो. म्हणून चांगल्या बसविलेल्या कौलारू छपराची कडेची चार ओळी कौले गेलेली दिसली, तर वारा खरोखर जोराचा होता असे म्हणता येते. परंतु गंजक्या बोल्टांचा पत्रा उडाला, एवढ्यावरून वाऱ्याविषयी फारसे काही सांगता येत नाही. दोन्ही छपरे ‘उडाली’ असेच आपण म्हणतो. शब्द एक, साक्ष दोन.

हीच गोष्ट पुराव्याच्या शास्त्रात सर्वांत पुढे नेणारे गृहस्थ म्हणजे तेत्सुया फुजिता होत. त्यांचा जन्म 1920 साली जपानात झाला. 1945 सालच्या ऑगस्टच्या 9 तारखेस अणुबाँबचे नियोजित लक्ष्य कोकुरा हे शहर होते, आणि फुजिता तेव्हा त्याच्या जवळच राहत होते. त्या दिवशी कोकुरावर ढग व धूर असल्यामुळे बाँब नागासाकीवर पडला. पुढे तरुण फुजिता नागासाकीची पाहणी करावयास गेले. स्मशानातील फुले ठेवण्याच्या बांबूच्या नळ्या कोणत्या बाजूने करपल्या आहेत, ह्यावरून स्फोट हवेत किती उंचीवर झाला असावा ह्याचे अनुमान त्यांनी केले. स्फोटाच्या खाली झाडे एका मध्यापासून चोहोकडे, चांदणीच्या किरणांप्रमाणे, आडवी झालेली त्यांनी पाहिली. ही आकृती त्यांच्या मनात राहिली व पुढे तिचा मोठा उपयोग झाला.

फुजिता नंतर अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले व तेथे त्यांनी टॉर्नेडोंचा अभ्यास केला. टॉर्नेडो म्हणजे मेघाच्या तळापासून सोंडेसारखी जमिनीपर्यंत लोंबणारी प्रचंड वावटळ. मुंबईकरांस तिचा परिचय नाही. परंतु हिंदुस्थानास ती सर्वस्वी अपरिचित आहे असे मात्र नव्हे : 1978 सालच्या मार्चच्या 17 तारखेस दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात ती उतरली व पंचवीसहून अधिक माणसे मेली, आणि बांगलादेशात 1989 च्या एप्रिलच्या 26 तारखेस अशाच एका वावटळीने सुमारे तेराशे बळी घेतले. तिचा मार्ग बहुधा काही शे मीटर रुंद, आणि आयुष्य काही मिनिटांचे. त्या अरुंद वाटेवर वेगमापक यंत्र नेमके सापडणे जवळजवळ अशक्य, आणि सापडले तरी ते टिकणे त्याहून अशक्य. तेव्हा पडझडीशिवाय दुसरा मार्गच नाही. 1971 साली फुजिता ह्यांनी टॉर्नेडोच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, आणि त्या घरांच्या नुकसानीवरून ठरवावयाच्या असे सांगितले.

ह्या पद्धतीत एक उणीव होती, ती पुढे अनुभवाने कळून आली. उद्ध्वस्त घर पाहून ‘पाचवी पायरी’ म्हणावयाचे. पण ते घर मुळात कसे बांधलेले होते? म्हणून टेक्सास टेक विद्यापीठातील इंजिनियरांनी ही पद्धत सुधारली, आणि 2007 सालापासून अमेरिकेत सुधारलेली पद्धत चालू झाली. तीत 28 प्रकारच्या वस्तू साक्षीदार म्हणून घेतल्या आहेत : एका कुटुंबाचे घर, शाळा, गोदाम, दिव्याचा खांब, कठीण लाकडाचे झाड, मऊ लाकडाचे झाड, इत्यादी. प्रत्येक वस्तूच्या नुकसानीच्या पायऱ्या निराळ्या, आणि प्रत्येक पायरीस वेगाचा एकच आकडा न देता तीन आकडे दिले आहेत : बांधकाम नेहमीच्या दर्जाचे असल्यास अपेक्षित वेग, हलके असल्यास त्याहून कमी, आणि उत्तम असल्यास त्याहून अधिक. उदाहरणार्थ, अमेरिकेतील सामान्य घराच्या छपराचे आवरण पाचव्या हिश्श्याहून कमी गेले असेल, तर वेग ताशी सुमारे 127 किलोमीटर मानतात. छपराचे मोठमोठे भाग जाऊन भिंती बहुतेक उभ्या असतील, तर सुमारे 196. घर सबंध वाहून जाऊन खालचा चौथरा झाडल्यासारखा स्वच्छ झाला असेल, तर सुमारे 322. परंतु ह्या शेवटच्या स्थितीस खालचा आकडा 266 व वरचा 354 आहे. म्हणजे विनाश हुबेहूब सारखा दिसत असूनही वाऱ्याच्या अनुमानात ताशी जवळजवळ 90 किलोमीटरांचे अंतर पडू शकते, आणि हे अंतर ठरते ते भिंती चौथऱ्यास बोल्टांनी जखडल्या होत्या की नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, एवढ्यावरून. म्हणून पाहणीस जाणारा मनुष्य आकाशाकडे पाहत नाही. तो गुडघे टेकून चौथऱ्यातील बोल्ट शोधतो.

साक्षीदारच नसला तर काय होते, ह्याचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. 2013 सालच्या मेच्या 31 तारखेस ओक्लाहोमा प्रांतात एल रेनो गावाजवळ चार किलोमीटरांहून अधिक रुंदीची अजस्र वावटळ फिरली. रडारने तिच्यातील वाऱ्याचा वेग ताशी 450 किलोमीटरांच्याही वर दाखविला. परंतु ती बहुतेक उघड्या शेतांवरून गेल्यामुळे पडझडीवरून तिला तिसरीच पायरी मिळाली. उलट 2025 सालच्या जूनमध्ये उत्तर डाकोटा प्रांतातील एंडरलिन येथे वावटळीने मालाने भरलेले रेल्वेचे डबे रुळांवरून लोटून दिले; त्या वजनांचा हिशेब करून काही महिन्यांनी तिला पाचवी पायरी देण्यात आली. तेथे साक्ष घराने दिली नाही, आगगाडीने दिली.

फुजिता ह्यांचे आणखी एक काम आम्हा मुंबईकरांस अधिक जवळचे आहे. 1974 सालच्या टॉर्नेडोंच्या मालिकेनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना काही ठिकाणी झाडे चक्राकार पडलेली न दिसता एका मध्यापासून बाहेर फाकून पडलेली दिसली. नागासाकीची आकृती त्यांस आठवली. मेघातून थंड हवेचा लोंढा सरळ खाली कोसळतो व जमिनीवर आपटून चोहोकडे पसरतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. विद्वानांनी प्रथम तो मानला नाही. आता विमाने उतरविणारे सर्व जग तो मानते. वैशाखात, पावसाळ्याच्या तोंडावर, दुपारनंतर आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि पाच-दहा मिनिटे वारा घोंघावतो, तो असाच मेघाने खाली सोडलेला वारा असतो.

तशीच एक दुपार 2024 सालच्या मेच्या 13 तारखेस मुंबईवर आली. घाटकोपर येथे पेट्रोलपंपाशेजारी उभा असलेला जाहिरातीचा राक्षसी फलक, ज्यास सर्वत्र होर्डिंग म्हणतात, तो खाली आला, आणि पावसाच्या आडोशास थांबलेली व पेट्रोल भरावयास आलेली 17 माणसे मृत्यू पावली. त्याच दिवशी वडाळ्यास मोटारी ठेवण्याचा लोखंडी मनोराही रस्त्यावर कोसळला. पडझडीवरून वाऱ्याचा वेग ठरविण्याची घाई असणाऱ्याने ह्या फलकाकडे पाहिले असते, तर त्याने निःशंकपणे म्हटले असते की, मुंबईवर महाभयंकर चक्रीवादळ आले होते.

वस्तुस्थिती काय होती? महानगरपालिकेच्या नियमाप्रमाणे फलक 40 फूट लांब व 40 फूट रुंद ह्याहून मोठा असता कामा नये. हा फलक निदान 120 फूट लांबी-रुंदीचा होता. म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. पुढे पोलिसांच्या तपासात माटुंग्याच्या व्हीजेटीआय ह्या आपल्या जुन्या संस्थेच्या तज्ज्ञांचा अभिप्राय घेण्यात आला. 1887 साली भायखळ्यास निघालेली ही संस्था गिरणगावातील कित्येक घरांतील मुलांना इंजिनियर करून गेली आहे. तिचा अभिप्राय वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला, तो असा : मुंबईत अशी वस्तू ताशी 158 किलोमीटर वाऱ्यास टिकेल अशी बांधावयास हवी, त्या दिवशीचा वारा ताशी 87 किलोमीटर होता, आणि त्या फलकाचा पाया ताशी 49 किलोमीटर वाऱ्यासच पुरणारा होता.

हे तीन आकडे विद्यार्थ्यांनी वर सांगितलेल्या हिशेबात घालून पाहावेत. 120 फुटी चौरस फलकाचे क्षेत्र सुमारे 1340 चौरस मीटर भरते. ताशी 49 किलोमीटर वाऱ्याने त्यावर सुमारे 15 टन दाब येईल. 87 ने सुमारे 48 टन. आणि 158 ने, ज्यासाठी तो बांधावयास हवा होता, सुमारे 158 टन. आकारामुळे पडणारा जादा गुणक आम्ही येथे सोडून दिला आहे, कारण तो तिन्ही वेळा सारखाच लागेल. दहापट बळ हवे तेथे एकपट होते. 87 किलोमीटर वारा हा ब्यूफोर्टच्या कोष्टकात नवव्या पायरीचा. ज्याने कौल निसटावे, फांदी मोडावी, असा. त्या संध्याकाळी शहरात इतर शेकडो फलक जागच्या जागी उभे होते.

आमच्या भाषेत संकटाचे दोन प्रकार फार पूर्वीपासून सांगितलेले आहेत : अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येते ते अस्मानी. माणसाच्या करणीने येते ते सुलतानी. वादळानंतर प्रत्येक गोष्ट अस्मानीच्या खाती मांडण्याकडे आपली प्रवृत्ती असते, आणि ज्यांच्याकडे दोष जावयाचा त्यांना ती सोयीची असते. पडझडीवरून वारा वाचण्याच्या विद्येचा खरा उपयोग येथे आहे. पडलेल्या प्रत्येक वस्तूत दोन आकडे दडलेले असतात, एक वाऱ्याच्या जोराचा व एक त्या वस्तूच्या बळाचा. त्यांपैकी एक कळल्यावाचून दुसरा निघत नाही. इंजिनियर वस्तूचे बळ शोधून वाऱ्याचा वेग काढतो. आणि वेधशाळेने वाऱ्याचा वेग दिला असेल, तर त्याच गणिताने वस्तूचे बळ, आणि बळात झालेली कसूर, बाहेर येते.

ही गोष्ट नवी नाही. स्कॉटलंडात टे नदीवरील रेल्वेचा पूल 1879 च्या डिसेंबरच्या 28 तारखेस रात्री वादळात कोसळला व त्यावरून जाणारी गाडी सर्व उतारूंसह नदीत गेली. तेव्हाही पहिला प्रश्न वारा किती होता हाच निघाला. चौकशीत असे ठरले की, वारा जबर होता खरा, परंतु पुलाची आखणी, बांधणी व देखभाल तिन्ही सदोष होत्या. वाऱ्याचा दाब पुलांच्या गणितात किती धरावा हे त्यानंतरच नीट ठरविण्यात आले, आणि वाऱ्याचा झोत मोजणारी अधिक चांगली यंत्रेही त्याच चर्चेतून निर्माण झाली.

उलट बाजूची उदाहरणेही शोधावयास दूर जावयास नको. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत 2017 सालच्या ऑगस्टच्या 31 तारखेस सकाळी कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. त्या वेळी वादळ नव्हते. दोन दिवसांपूर्वी अतोनात पाऊस झाला होता, आणि इमारत शंभराहून अधिक वर्षांची होती. लाकडी तुळया भिंतीत जेथे शिरतात तेथे वर्षानुवर्षे ओल मुरून त्या कुजतात. अशा घरास पडावयास वाऱ्याची गरज लागत नाही. गिरगाव, गिरणगाव, दादर येथील पुष्कळ जुन्या घरांची हीच व्यथा आहे. तेव्हा पावसाळ्यात जुने घर पडले म्हणजे वाऱ्याच्या पायऱ्या मोजू नयेत. असे घर वाऱ्याचा साक्षीदार नव्हे; ते फार तर घरमालकाचा व डागडुजीचा साक्षीदार आहे.

झाडांविषयीही सावधगिरी हवी. 2021 सालच्या मेच्या 17 तारखेस तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. कुलाब्यास वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेले आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली. वारा दहाव्या पायरीच्या वर होता, तेव्हा झाडे उपटली जाणे कोष्टकास धरूनच झाले. परंतु दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवरील पर्जन्यवृक्षांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट येऊन भिडते, केबलीसाठी खणताना एका बाजूची मुळे तोडलेली असतात. अशी झाडे पुष्कळदा कमी वाऱ्यासही शरण जातात. पडलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा एका बाजूने सपाट, कापल्यासारखा दिसला, तर त्याची साक्ष अर्धीच धरावी. मैदानाच्या मध्यावर मोकळ्या मातीत वाढलेले निरोगी झाड उपटले गेले असेल, तर मात्र ती पक्की साक्ष होय. 2020 सालच्या जूनच्या 3 तारखेस निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास लागले, त्या वेळी श्रीवर्धन, दिवेआगर बाजूच्या सुपारीच्या बागा एकजात आडव्या झाल्या. त्या मातीत कोणी सिमेंट ओतले नव्हते. हवामानखात्याने तेथील वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर सांगितला, आणि त्या बागा त्या आकड्यास दुजोरा देतात. त्याच वादळाने मुंबईस मात्र फारसा धक्का दिला नाही. आमच्या शेजारधर्मी मंडळींनी त्या वेळी कोकणातील आप्तांच्या घरांसाठी येथून पत्रे व कौले पाठविली, हे अनेक पालकांस आठवत असेल.

साक्षीच्या अभावासही अर्थ असतो. 1882 सालच्या जूनमध्ये मुंबईत प्रचंड चक्रीवादळ होऊन एक लाख माणसे मेली, असे कित्येक ग्रंथांतून व याद्यांतून छापले गेले आहे. अलीकडे अभ्यासकांनी शोध केला, तेव्हा त्या काळच्या वृत्तपत्रांत व सरकारी नोंदींत अशा उत्पाताची काहीच खूण सापडली नाही, आणि हे वादळ झालेच नाही असे आता मानले जाते. 1854 सालच्या नोव्हेंबरात खरोखर झालेल्या वादळाचे वर्णन मात्र बंदरातील जहाजांच्या नुकसानीसह लिहून ठेवलेले आहे. ज्या वाऱ्याने लाख माणसे मारली, त्याने गिरगावातले एकही छपर उडविल्याची कोणी तक्रार करू नये, हे कसे शक्य आहे?

ज्या विद्यार्थ्यांस ह्या विषयाची गोडी लागेल त्यांनी पुढील वादळानंतर एक वही करावी. वारा पुरता थांबल्यावर, वडील माणसांस सांगून व शक्य तर त्यांच्याबरोबर, आपल्याच गल्लीतून फिरावे. लोंबकळणारा पत्रा, अर्धवट तुटलेली फांदी, ओली तार ह्यांच्या जवळ जाऊ नये. पत्रा कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाली येतो. वहीत काय पडले, ते कशाने बांधलेले होते, तुटले ते नेमके कोठे, तुटलेल्या जागी लोखंड चकचकीत आहे की गंजलेले, आणि ते कोणत्या दिशेस पडले, हे टिपावे. चकचकीत तुटलेला बोल्ट वाऱ्याबद्दल बोलतो. आतपर्यंत तांबूस झालेला बोल्ट वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाबद्दल. दहा-वीस झाडांची दिशा नकाशावर बाणांनी काढली, तर वारा एकाच बाजूने आला की एका मध्यापासून फाकला, हेही कळून येईल. आणि शेजारी काय पडले नाही, हे लिहावयास विसरू नये. बहुतेक लोक तेवढेच विसरतात. मग कुलाबा व सांताक्रूझ येथील वेधशाळांनी त्या दिवसाचा जो वेग जाहीर केला असेल, तो त्याच पानावर खाली लिहावा व आपल्या अनुमानाशी ताडून पाहावा.